मे-जूनमधली तालुक्याची शाखा आणि पीककर्जाची फाइल: बँकेत इंटर्नशिप करणाऱ्यांसाठी

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तालुक्याच्या कुठल्याही बँक शाखेत सकाळी दहाला जाऊन उभं राहा. दारात पिशव्या घेतलेली माणसं दिसतील. पिशवीत सातबारा, आठ अ, आधारची झेरॉक्स, पासबुक आणि दोन फोटो. मान्सून महाराष्ट्रात साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो आणि बियाणं-खताची खरेदी त्याआधी उरकायची असते, म्हणून खरीप पीककर्जाची गर्दी नेमकी याच दिवसांत होते. एमबीए, बीएमएस, बीकॉमच्या मुलांची दीड-दोन महिन्यांची इंटर्नशिपही नेमकी याच दिवसांत असते. तरीही बहुतेक मुलं ‘बँकेच्या सेवांबाबत ग्राहकांचे समाधान’ अशा विषयाची प्रश्नावली घेऊन येतात, पन्नास जणांकडून भरून घेतात आणि वर्तुळाकार आलेख काढून परत जातात. शाखेत बसून शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट समोरून जात असते आणि ती पाहायची राहून जाते.

म्हणून हा लेख मुख्यतः पीककर्जाच्या फाइलबद्दल आहे. ठेवी, चेक, केवायसी (ग्राहकाची ओळख-पडताळणी) हे ओघाने येईल. मुंबई-पुण्यातल्या शहरी शाखेत काम मिळालं असेल, तर शेवटाकडचा कॅश क्रेडिटचा (व्यापाऱ्याच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाचा) भाग तुमच्यासाठी आहे.

आधी प्रवेश कसा मिळवायचा ते. शाखाधिकाऱ्याला थेट भेटून ‘मला इंटर्नशिप द्या’ म्हणून उपयोग नसतो, कारण बहुतेक बँकांत तो अधिकार त्याच्याकडे नसतो. राष्ट्रीयीकृत बँकेत अर्ज विभागीय किंवा झोनल कार्यालयाच्या मनुष्यबळ विभागाकडे जातो, जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँकांत मुख्य कार्यालयाकडे. अर्जासोबत कॉलेजच्या लेटरहेडवर शिफारसपत्र, कालावधीच्या नेमक्या तारखा, ओळखपत्राची प्रत आणि तुम्हाला हव्या असलेल्या दोन-तीन शाखांची नावं पसंतीक्रमाने द्या. मार्चमध्ये सगळी बँक वर्षअखेरीत बुडालेली असते, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज गेला पाहिजे. रिझर्व्ह बँकेची स्वतःची उन्हाळी योजना वेगळी आहे. ती मुख्यतः पदव्युत्तर, पाच वर्षांच्या एकात्मिक आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी असते आणि तिची अर्जाची मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येऊन जाते. ती चुकली म्हणून निराश होऊ नका. शाखेत जे हाताला लागतं ते तिथे मिळत नाही.

पहिल्या दिवशी गोपनीयतेच्या हमीपत्रावर सही घेतली जाते. ती मनापासून पाळायची. ग्राहकाच्या कागदाचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये काढायचा नाही. खातेदारांची यादी स्वतःच्या ईमेलवर पाठवायची नाही. गर्दीत एखादा कर्मचारी म्हणेल, ‘माझ्या आयडीने एवढ्या चार नोंदी करून टाक.’ नम्रपणे नाही म्हणा. बँकेच्या संगणकप्रणालीत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून पास करायची, अशी रचना असते. त्या नोंदीवर ज्याचा आयडी आहे तोच जबाबदार धरला जातो, आणि चूक झाली तर तुम्ही त्याची नोकरी धोक्यात आणलेली असते. रोख रकमेला हात लावायचा नाही. गावात वसुलीसाठी अधिकाऱ्यांसोबत गेलात आणि कोणी ‘हे भरून टाका’ म्हणत नोटा पुढे केल्या, तरीही नाही.

पहिला आठवडा काउंटरच्या बाहेरच्या बाजूला काढा, फॉर्म भरून देण्यात. हे काम कमीपणाचं वाटतं, पण सगळ्यात जास्त चुका इथेच दिसतात. खातं उघडण्यासाठी ओळख आणि पत्ता दाखवणारी अधिकृत कागदपत्रं मोजकी आहेत: पासपोर्ट, वाहनचालक परवाना, मतदार ओळखपत्र, आधार, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेलं रोजगार हमीचं जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं पत्र. पॅन कार्ड या यादीत नाही. ते वेगळं लागतंच, नसेल तर त्याबदली घोषणापत्र. रेशन कार्ड घेऊन येणाऱ्या मावशींना परत पाठवण्याआधी ‘मतदान कार्ड आहे का?’ एवढं विचारलं तरी त्यांची एक खेप वाचते. केवायसी एकदा करून संपत नाही. जास्त जोखमीच्या खात्याला दर दोन वर्षांनी, मध्यम जोखमीच्या खात्याला आठ आणि कमी जोखमीच्या खात्याला दहा वर्षांनी ती नव्याने तपासावी लागते. दोन वर्षं ग्राहकाने स्वतः एकही व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कोणी हात लावला नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. तिथून ती परत मागता येते, हे वारसांना सांगायला विसरू नका.

चेकबद्दल थोडक्यात. तारखेपासून तीन महिने उलटले की चेक शिळा. आकड्यात आणि अक्षरात फरक असेल तर परत. रकमेत किंवा नावात खाडाखोड असेल, तर शेजारी सही केलेली असली तरी क्लिअरिंगमध्ये चालत नाही, नवीन चेक लिहावा लागतो. चेकच्या तळाशी नऊ अंकी एमआयसीआर क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक शहराचे, मधले तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक एकगठ्ठा वटण्याऐवजी दिवसभर सलग पुढे पाठवले जातात, त्यामुळे जुन्या पुस्तकातलं वेळापत्रक प्रोजेक्टमध्ये उतरवू नका. रोखीच्या बाबतीत पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे बनावट नोट. ती ग्राहकाला परत देता येत नाही. तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करायची आणि ग्राहकाला पोच द्यायची. एकाच व्यवहारात चारपर्यंत नोटा सापडल्या तर महिनाअखेरीस पोलिसांना एकत्रित अहवाल जातो, पाच किंवा जास्त असतील तर गुन्हा नोंदवावा लागतो.

आता मुख्य विषय.

पीककर्जाच्या फाइलमधला पहिला कागद सातबारा, आणि तो वाचता आला नाही तर पुढचं सगळं व्यर्थ. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख. त्यात जमीन कोणाची आणि किती हे असतं. गाव नमुना बारा म्हणजे कोणत्या हंगामात काय पेरलं याची नोंद. दोन्ही एकाच कागदावर येतात म्हणून ‘सातबारा’. आठ अ हा खातेदाराच्या त्या गावातल्या सगळ्या गटांची (जमिनीच्या क्रमांकित तुकड्यांची) बेरीज दाखवतो. गट पाच असतील आणि सातबारा तीनच आणले असतील, तर ते आठ अवरूनच कळतं.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये लिहिलेलं असतं. १.२०.०० म्हणजे एक हेक्टर वीस आर, साधारण तीन एकर. एक हेक्टर म्हणजे शंभर आर, जवळपास अडीच एकर. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतकरी कायम एकरात बोलतो, कागद कायम हेक्टरात बोलतो आणि पीककर्जाचा दर हेक्टरी असतो. नव्या माणसाची सगळ्यात महागडी चूक इथे होते.

क्षेत्रात आणखी तीन गोष्टी पाहायच्या. पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, वजा करायची. सामाईक खातं असेल तर अर्जदाराचा हिस्सा किती ते पाहायचं. चार भावांची नावं असलेल्या सातबाऱ्यावर एकालाच पूर्ण क्षेत्राचं कर्ज देता येत नाही, बाकीच्यांची संमती किंवा वाटणीचा फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद) लागतो. तिसरं म्हणजे भोगवटादार वर्ग. वर्ग एकची जमीन मालकाला मोकळेपणाने विकता येते. वर्ग दोनवर हस्तांतरणाची बंधनं असतात, म्हणून तारण म्हणून तिचा विचार वेगळा होतो.

मग ‘इतर हक्क’ हा रकाना. कर्जाचा बोजा, म्हणजे जमिनीवर कर्ज असल्याची नोंद, इथे दिसते. पंधरा वर्षांपूर्वी फेडलेल्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा आजही उतरवलेला नाही, असं वारंवार आढळतं. कर्ज फिटलेलं असतं, बेबाकी दाखलाही (काही बाकी नसल्याचा) घरात कुठेतरी असतो, पण तो तलाठ्याकडे कोणी नेलेला नसतो. नवीन बँक तो बोजा पाहून थांबते. अशा वेळी शेतकऱ्याला ‘बोजा आहे, कर्ज मिळणार नाही’ एवढंच सांगून पाठवणं हा अन्याय आहे. जुन्या संस्थेकडून बेबाकी दाखला आणा, बोजा कमी करण्याचा अर्ज द्या, फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा घेऊन या, असं क्रमाने कागदावर लिहून द्या. बोजा चढवण्याचे आणि उतरवण्याचे अर्ज आता ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइन जातात. शाखेत ते कोण करतं हे शोधा आणि एक अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहा.

सहकारी सोसायटीच्या कर्जात बोजा ‘इकरार’ म्हणून चढतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ खाली सभासद लिहून देतो की या कर्जासाठी माझ्या जमिनीवर संस्थेचा भार राहील. ग्रामीण महाराष्ट्रात पीककर्जाचा मोठा भाग अजूनही याच मार्गाने जातो: जिल्हा मध्यवर्ती बँक, तिच्याखाली गावची विविध कार्यकारी सेवा सोसायटी, सोसायटीचा गटसचिव आणि सभासद. गटसचिव सगळ्या सभासदांचं कर्ज मर्यादा पत्रक तयार करतो, ज्याला बोलीत ‘क.म. पत्रक’ म्हणतात. त्यात नाव, क्षेत्र, पीक, जुनी बाकी आणि मागणी असते, आणि त्यावरूनच बँक मंजुरी देते. जिल्हा बँकेत इंटर्नशिप असेल, तर एक दिवस तरी गटसचिवाच्या शेजारी बसायची परवानगी मागा. गावाची पतव्यवस्था त्या एका रजिस्टरात असते.

आता रक्कम कशी ठरते ते पाहू. प्रत्येक पिकाचा हेक्टरी कर्जदर जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरवते. उसात आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांचे दर वेगवेगळे असतात, बागायत आणि जिरायतीचे वेगळे. त्या वर्षीचा दरतक्ता शाखेत असतो, त्याची प्रत पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. किसान क्रेडिट कार्डाच्या पद्धतीत (ही योजना १९९८ पासून आहे) पहिल्या वर्षाची मर्यादा अशी निघते: दर गुणिले क्षेत्र, त्यात काढणीनंतरच्या आणि घरखर्चाच्या गरजेपोटी १० टक्के, शेतीच्या साधनांच्या देखभालीपोटी २० टक्के, आणि पीकविम्याचा हप्ता.

समजण्यापुरते आकडे घेऊ. सातबाऱ्यावर क्षेत्र २.०० हेक्टर. पोटखराबा ०.२० गेला, उरले १.८०. दोन भावांचं सामाईक, म्हणून अर्जदाराचा हिस्सा ०.९० हेक्टर. सोयाबीनचा दर हेक्टरी ६०,००० रुपये धरू. मूळ रक्कम झाली ५४,०००. दहा टक्के म्हणजे ५,४०० आणि वीस टक्के म्हणजे १०,८००, मिळून ७०,२००. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० धरली तर ०.९० हेक्टरला ४५,०००. सोयाबीनसारख्या खरीप पिकाला शेतकऱ्याचा हिस्सा दोन टक्के, म्हणजे ९०० रुपये. एकूण ७१,१००.

पुढच्या चार वर्षांसाठी दर वर्षी दहा टक्के वाढ धरायची: ७८,२१०, मग ८६,०३१, मग सुमारे ९४,६३४ आणि पाचव्या वर्षी सुमारे १,०४,०९८. मंजुरी पाचव्या वर्षाच्या आकड्याची होते, उचल मात्र त्या त्या वर्षाच्या मर्यादेइतकीच. त्यामुळे ‘मला एक लाख चार हजार मंजूर झाले, मग एकाहत्तरच का देता?’ हा प्रश्न काउंटरवर हमखास येतो. त्याचं उत्तर तुम्हाला साध्या मराठीत देता आलं पाहिजे. वरचे १० आणि २० टक्के पूर्ण धरायचे की नाहीत याबाबत तुमच्या बँकेचं परिपत्रक पाहा. सोसायटीमार्फतच्या कर्जात मूळ दरापुढे फारसं काही धरलं जात नाही, उलट सोसायटीच्या भागभांडवलाची (शेअरची) कपात होते.

आता एकर-हेक्टरची ती चूक पाहा. शेतकरी म्हणाला, ‘माझ्या वाट्याला सव्वादोन एकर.’ ते बरोबरच आहे, ०.९० हेक्टर म्हणजे सव्वादोन एकरच. इंटर्नने २.२५ ला ६०,००० ने गुणलं आणि आकडा आला १,३५,०००. हवे होते ५४,०००, म्हणजे अडीच पट. पोटखराबा आणि भावाचा हिस्सा विसरला तर पूर्ण दोन हेक्टर धरून १,२०,०००. दोन्ही चुका तपासणीत पकडल्या जातात, पण तोपर्यंत तो आकडा शेतकऱ्याला तोंडी सांगून झालेला असतो आणि त्याने दुकानदाराला शब्द दिलेला असतो. म्हणून अधिकाऱ्याने सही करण्याआधी शेतकऱ्याला कुठलाही आकडा सांगू नका.

पीकविमा कर्जदारांना २०२० च्या खरिपापासून ऐच्छिक आहे. पण नको असेल तर विमा नोंदणीच्या मुदतीच्या किमान सात दिवस आधी बँकेला लेखी कळवावं लागतं, नाहीतर हप्ता खात्यातून कापला जातो. ‘मला न विचारता पैसे कापले’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. महाराष्ट्रात २०२३ पासून काही हंगाम एक रुपयात विमा होता. तो २०२५ मध्ये बंद झाल्यामुळे हप्त्याची रक्कम पाहून अनेकांना धक्का बसतो. कर्ज देतानाच विमा हवा का नको ते विचारून सही घेणं हा उपाय आहे. इंटर्नने हे एक काम नीट केलं तरी शाखेचा ऑगस्टमधला डोक्याचा ताप कमी होतो.

व्याजाचं गणित आधी स्वतः करून बघा, मग समजावून सांगा. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला केंद्राच्या व्याज सवलतीमुळे दर सात टक्के पडतो. मुदतीत फेडलं तर आणखी तीन टक्के सूट, म्हणजे चार टक्के. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य उरलेला भार उचलतं, त्यामुळे नियमित फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं. दीड लाख रुपये तीनशे दिवस वापरले तर सात टक्क्यांनी ८,६३० रुपये व्याज होतं, चार टक्क्यांनी ४,९३२. एका दिवसाचा उशीर झाला तरी या सवलती जातात आणि मुदतीनंतर बँकेचा नेहमीचा दर लागू होतो. परतफेडीची शेवटची तारीख शेतकऱ्याच्या पासबुकावर मोठ्या अक्षरात लिहून देणं हे कुठल्याही जाहिरात फलकापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

यातूनच ‘नवं-जुनं’ समजतं. हा शब्द पाठ्यपुस्तकात सापडत नाही, शाखेत रोज ऐकू येतो. जुनं कर्ज व्याजासकट भरायचं आणि लगेच नवीन उचल घ्यायची. ज्याच्याकडे मुद्दल एकरकमी नसतं, तो ते दोन-चार दिवसांसाठी पाहुण्याकडून, आडत्याकडून किंवा सावकाराकडून घेतो, बँकेत भरतो आणि नवीन उचल मिळाली की परत करतो. कागदावर खातं अगदी नियमित दिसतं. प्रत्यक्षात त्या चार दिवसांचं व्याज शेतकऱ्याच्या खिशातून गेलेलं असतं, आणि उचल लांबली तर तो अडकतो. नूतनीकरणाची फाइल आठवडाभर टेबलावर पडून राहिली तर त्याचा भुर्दंड कोणाला पडतो, हे लक्षात ठेवून फाइलला हात लावा. किसान क्रेडिट कार्डाचं खातं हे खरं तर फिरतं खातं आहे. वर्षभरात कितीही वेळा भरता आणि काढता येतं. माल विकल्यावर पैसे आले की लगेच खात्यात टाकले तर व्याज रोजच्या शिलकीवर कमी होतं आणि मार्चमध्ये धावपळ उरत नाही. हे फार थोड्या खातेदारांना कोणी समजावून सांगितलेलं असतं.

आता थकबाकी. वर्गात ‘नव्वद दिवस थकलं की कर्ज अनुत्पादक (एनपीए)’ हे एकच सूत्र पाठ झालेलं असतं. पीककर्जाला ते लागत नाही. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन पीक हंगाम थकीत राहिलं तर अनुत्पादक होतं, आणि एक वर्षाहून जास्त काळाच्या पिकाचं एक हंगाम थकलं तर. सोयाबीन, तूर, कापूस पहिल्या गटात येतात. आडसाली उसाला दीड वर्ष लागतं, म्हणून तो दुसऱ्या गटात. प्रोजेक्टमध्ये पीककर्जांना ९० दिवसांचा नियम लावून काढलेला थकबाकीचा तक्ता अधिकारी पहिल्या नजरेत बाजूला ठेवतात.

फाइल अडण्याचं सगळ्यात मोठं कारण नाव. आधारवर ‘दत्तात्रय’, सातबाऱ्यावर ‘दत्तू’, पासबुकावर ‘दत्ता’. वडिलांच्या नावाच्या जागी कुठे आजोबांचं नाव. लग्नानंतर बदललेलं बाईंचं नाव. बँकेची पद्धत असेल त्याप्रमाणे दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. कायमचा इलाज म्हणजे सातबाऱ्यावर नाव दुरुस्त करून घेणं. दुसरं कारण वारस नोंद न झालेली. वडील वारून पाच वर्षं झाली, शेत मुलगा कसतो, सातबाऱ्यावर अजून वडीलच. मुलाला कर्ज मिळत नाही आणि वडिलांच्या नावावरचं कर्ज थकीत होत जातं. तिसरं कारण दुसऱ्या बँकेची किंवा सोसायटीची बाकी. एकाच गटावर दोन ठिकाणाहून पीककर्ज घेता येत नाही, म्हणून आसपासच्या बँकांचे ना-देय दाखले किंवा क्रेडिट ब्युरोचा अहवाल पाहिला जातो. दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला १ जानेवारी २०२५ पासून वेगळं तारण मागता येत नाही. तरीही एखाद्या ठिकाणी जामीनदार आणायला सांगितलं जात असेल, तर ते कोणत्या परिपत्रकानुसार, असं आदराने विचारा. प्रश्न विचारणं हा इंटर्नचा हक्क आहे.

प्रोजेक्टसाठी प्रश्न छोटा घ्या. उदाहरणार्थ: मागच्या वर्षी ज्यांनी खरीप कर्ज घेतलं, त्यांपैकी ज्यांनी यंदा नूतनीकरण केलं नाही, त्यांनी ते का केलं नाही? शाखाधिकाऱ्यांच्या परवानगीने शाखेतूनच यादी काढून घ्या आणि त्यातला प्रत्येक पाचवा खातेदार घ्या. पन्नास-साठ खाती पुरेशी आहेत. रकाने एवढेच: अनुक्रमांक (खाते क्रमांक नाही), क्षेत्र हेक्टरमध्ये, पीक, मंजूर मर्यादा, प्रत्यक्ष उचल, शेवटचा भरणा कोणत्या महिन्यात, नूतनीकरण न होण्याचं कारण. कारणं आधीच ठरवून पर्याय म्हणून देऊ नका. पहिल्या वीस जणांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत लिहून घ्या आणि मग गट पाडा. पैसे नव्हते, कागद अडला, माहितीच नव्हती, कर्जमाफी येईल म्हणून थांबलो, सोसायटीकडे गेलो, शेती बटईने दिली: असे गट तुमच्याच नोंदींतून वर येतील. कर्जमाफीची वाट पाहणाऱ्यावर शेरा मारू नका. तो काय ऐकून थांबला आणि थांबल्यामुळे त्याचं किती व्याज वाढलं, ते लिहा. बोलताना काका, दादा, ताई म्हणा, बसून बोला, आणि बाजाराच्या दिवशी कोणाला थांबवून ठेवू नका.

शहरी शाखेत हाच अभ्यास व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिट खात्यावर करता येतो. लहान उद्योगाला पाच कोटींपर्यंतची खेळत्या भांडवलाची मर्यादा साधारणपणे उलाढालीवरून काढतात: अपेक्षित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के भांडवल लागतं असं धरायचं, त्यातले २० टक्के बँकेचे आणि ५ टक्के मालकाचे. विक्री ८० लाख असेल तर बँकेची मर्यादा १६ लाख. पण मर्यादा मंजूर झाली म्हणजे तेवढी उचल मिळतेच असं नाही. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून (माल आणि येण्याच्या पत्रकावरून) ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या महिन्यात उचलता येणारी रक्कम, निघते. माल २० लाखांचा, त्यातला ५ लाखांचा उधारीवर आणलेला, म्हणजे स्वतःचा १५ लाखांचा. त्यावर २५ टक्के मार्जिन (मालकाने स्वतः घालायचा वाटा) वजा केलं की ११.२५ लाख. गिऱ्हाइकांकडून येणं ८ लाख, त्यावर ४० टक्के मार्जिन वजा केलं की ४.८० लाख. दोन्ही मिळून १६.०५ लाख, म्हणून या महिन्यात पूर्ण १६ लाख वापरता येतील. पुढच्या महिन्यात येण्यातले ३ लाख नव्वद दिवसांपेक्षा जुने झाले तर ते मोजायचे नाहीत. मग येणं उरलं ५ लाख, त्याचे ३ लाख, आणि ड्रॉइंग पॉवर १४.२५ लाखांवर येते. मार्जिनचे टक्के मंजुरीपत्रात लिहिलेले असतात, ते प्रत्येक खात्याला वेगळे. स्टॉक स्टेटमेंट घेऊन गोदामात जायची संधी मिळाली तर जरूर जा. बारा महिने हुबेहूब तोच आकडा लिहिलेली स्टेटमेंटं एकापुढे एक ठेवली की काय पाहायचं ते आपोआप कळतं.

शेवटच्या आठवड्यात अहवालाचा मसुदा आधी शाखाधिकाऱ्यांना दाखवा, मग कॉलेजला. त्यात कुणाचं नाव, गट क्रमांक किंवा गावासकट ओळख पटेल असा तपशील राहिला आहे का, ते त्यांच्याकडून तपासून घ्या. शाखेच्या संगणकावर केलेल्या कामाच्या फाइल तिथेच ठेवा, पेन ड्राइव्हवर नेऊ नका. हाताने लिहिलेल्या वहीतली नावं असलेली पानं शाखेच्या श्रेडरमध्ये टाका. ओळखपत्र परत करा आणि त्याची पोच घ्या. प्रमाणपत्रावर रुजू झाल्याची आणि कार्यमुक्तीची तारीख, शाखेचं नाव, कामाचा विभाग आणि गोल शिक्का आहे ना ते तिथेच पाहून घ्या, कारण जुलैनंतर तो अधिकारी बदली होऊन गेलेला असू शकतो.